डूबच्या काठाने तीन दिवस

लाँग वीकेंड जवळ आला की आमच्या मराठी पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर समुद्र सुरू होतो. कुणी गुहागरचे फोटो टाकतो, कुणी मालवणचे, कुणी कारवारच्या पुढचा झाडीतला रस्ता. आणि आम्ही बसलेलो जबलपुरात, म्हणजे देशाच्या बरोबर पोटात. इथून कुठलाही समुद्र गाठायचा तर जाण्यात एक अख्खा दिवस आणि येण्यात एक, मग पाय भिजवायला उरतो दुपारचा चहा पिण्याएवढा वेळ.

त्यात फौजीचं कॅलेंडर वेगळं. १५ ऑगस्ट शुक्रवारी आला की पुण्या-मुंबईचे लोक गाड्या धुवायला काढतात, आम्ही पहाटे चारला रिहर्सलला उभे असतो. २६ जानेवारीचंही तेच. जोडून सुट्टी मिळण्याची खरी शक्यता गुड फ्रायडेला. गेल्या एप्रिलमध्ये ती मिळाली, स्टेशन सोडायची परवानगी मिळाली, आणि मी, बायको आणि मुलगी असे तिघं गाडी काढून निघालो.

सध्या आम्ही राइट टाउनमध्ये भाड्याने राहतो. क्वार्टरच्या यादीत नाव आहे, वर सरकतंय. घरमालक काका मराठीच, चार पिढ्या जबलपुरात. त्यांच्या मराठीत हिंदी इतकी मुरलीय की वेगळी काढता येत नाही. त्यांनीच सुचवलं, "समुद्र कशाला हवा रे, बरगी घूमून या. जंगल आहे, पाणी आहे, सब कुछ है."

सगळं आहे हे खरं. नर्मदेवरच्या बरगी धरणाचा जलाशय मंडल्याच्या दिशेने सुमारे ७५ किलोमीटर लांब पसरलाय. काही ठिकाणी पलीकडचा काठ धूसर दिसतो. पायलीला टेकड्यांची बेटं झालीत, सागाचं जंगल थेट पाण्यापर्यंत उतरतं, संध्याकाळी वारा सुटला की लाटा काठाला आपटतात. मुलीने आईला विचारलं, "हा समुद्र खारट का नाही?" इंटरनेटवर याला बॅकवॉटर म्हणतात. पवनेच्या काठावर तंबू ठोकणाऱ्यांना आणि तापोळ्याला 'मिनी काश्मीर' म्हणणाऱ्यांना हा शब्द नवा नाही.

इथले लोक त्याला डूब म्हणतात.

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी ई-रिक्षा लावणाऱ्या एका दादांकडून. वय साठीच्या अलीकडे. मी गाडीत सामान भरत होतो, त्यांनी विचारलं कुठे निघालात. सांगितलं. ते म्हणाले, "साहब, हमारा घर है उधर. डूब में." आणि बिडी पेटवली. मी खाली उतरून त्यांच्याजवळ गेलो, तेव्हा पुढचं सांगितलं. बीजाडांडीच्या बाजूचं गाव. पाणी येणार म्हणून वर जागा दिली. तिथे भिंती उभ्या केल्या, पावसाळ्यात पाणी तिथवरही आलं. मग जबलपूर. आधी पायाची रिक्षा, आता बॅटरीची. सांगताना आवाज चढला नाही की उतरला नाही. मूव्हमेंट ऑर्डर वाचून दाखवावी तसं.

त्यांची गोष्ट एकट्याची नाही, हे नंतर वाचताना कळलं. बरगीचं काम सत्तरच्या दशकाच्या मध्यात सुरू झालं आणि १९९० च्या सुमारास जलाशय पूर्ण भरला. नर्मदेवर ठरलेल्या मोठ्या धरणांपैकी हे पहिलं. आधीच्या पाहणीत बुडणारी गावं १०१ धरली होती. पाणी भरलं तेव्हा ती १६२ निघाली, आणि उठवलेल्यांसाठी बांधलेल्या काही वसाहतीही त्यात गेल्या. विस्थापितांचा आकडा चळवळीच्या नोंदींत १ लाख १४ हजारांच्या आसपास दिला जातो. त्यातले पुष्कळ जण मजुरीला आणि रिक्षा ओढायला जबलपुरात आले. राइट टाउन, नेपियर टाउनच्या सावलीच्या रस्त्यांवरून पस्तीस वर्षं आम्हा साहेबलोकांना कुणी नेलं-आणलं, हे त्यावरून समजतं.

पहिल्या दिवशी नागपूर रस्त्याने धरण पाहिलं. पाच किलोमीटरहून लांब बांध, भिंतीसारखा दगडी आणि पुढे मातीचा. धरण म्हणून भव्य आहे, वीजघर ९० मेगावॅटचं. उजव्या कालव्याचं पाणी कटनी, सतना, रीवाकडे न्यायला स्लीमनाबादजवळ सुमारे १२ किलोमीटरचा बोगदा खोदायला घेतला. शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या शेतात हे पाणी जावं याला माझी काहीच हरकत नाही. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे. पण पाण्याच्या काठावरच्या गावात बाईमाणूस उन्हात हंडा घेऊन हातपंपावर उभी दिसते, तेव्हा हिशोबात काही राहिलंय असं वाटतं.

दुसऱ्या दिवशी मंडला रस्ता. बरेल्याच्या पुढे राणी दुर्गावतींची समाधी आहे. १५६४ मध्ये मुघल फौजेशी लढताना त्या इथेच पडल्या. फौजीने तिथे थांबावंच. पुढे बीजाडांडी, नारायणगंज. रस्ता जंगलातून जातो, पाणी दिसत नाही. ते बघायला डावी-उजवीकडचे छोटे रस्ते घ्यावे लागतात. एप्रिल म्हणजे मोहाचे दिवस. पहाटेपासून बायका-पोरं झाडाखाली फुलं वेचत होती, सगळ्या हवेत तो गोड, थोडा आंबूस वास. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून ठेवलेला, म्हणजे फुलं मातीत हरवत नाहीत.

आणि पाणी उतरलेलं. पावसाळ्याच्या शेवटी ४२२ मीटरच्या पातळीला भिडणारा जलाशय उन्हाळ्यात खूप मागे हटतो आणि खालची जमीन उघडी पडते. उजनीच्या काठावर आपण जिला गाळपेर म्हणतो तीच ही. गहू निघून गेला होता, धसकटं उभी होती. त्यापुढे जुन्या सागाचे काळे बुंधे, आणि एका जागी दगडी जोत्याची चौकट. चार खोल्यांचं घर असावं. मुलगी त्यावर चढून उभी राहिली, बायकोने तिला हळूच खाली उतरवलं. काही बोलली नाही.

माझ्या आजीचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं, जावळी तालुक्यातलं. शिवसागर भरला तेव्हा तिचे भाऊ तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात गेले, डोंगर सोडून खाजणाच्या कडेला. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ मध्ये आला. कोयनेची माणसं त्याच्या कितीतरी आधी उठली. आजी तापोळ्याला आली की ग्रामदेवतेची ओटी पाण्यात सोडायची. देव खाली होता ना. तेव्हा आम्ही पोरं हसायचो, आम्हाला होडीत बसायची घाई असायची.

म्हणून चुटक्याची पाटी दिसल्यावर मी गाडी हळू केली.

चुटका, टाटीघाट, कुंडा. गोंड वस्तीची गावं, जलाशयाच्या काठावर. बरगीत यांची जमीन गेली, मग वर सरकून पुन्हा घरं बांधली. आता इथे प्रत्येकी ७०० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या प्रस्तावित आहेत. २००९ मध्ये जागेला तत्त्वतः मान्यता मिळाली, २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या १० स्वदेशी अणुभट्ट्यांत या दोन आहेत. गावांनी कायम विरोध केला. जनसुनावणी २०१३ मध्ये दोनदा रद्द करावी लागली, अखेर फेब्रुवारी २०१४ मध्ये मोठ्या बंदोबस्तात झाली.

अणुवीज असावी की नसावी, यावर मी इथे लिहीत नाही. वर्दीत असताना ते माझं काम नाही, आणि माझा तेवढा अभ्यासही नाही. देशाला वीज लागते हे सीमेवरच्या चौकीत जनरेटर लावून बसलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. माझं म्हणणं एवढंच आहे की एकदा उठवलेल्या माणसाला दुसऱ्यांदा उठवू नये. जागा शोधताना हा नियम सगळ्यात वर असावा, खडक आणि पाण्याच्या चाचणीच्याही आधी.

नियम आहे, पण अर्धा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम ३९ सांगतं की आधी विस्थापित झालेल्या कुटुंबाला शक्यतो पुन्हा हलवू नये, आणि हलवलंच तर ठरलेल्या भरपाईइतकीच जादा भरपाई द्यावी. वाचून बरं वाटतं. मग लक्षात येतं की आधीचं विस्थापनही 'या कायद्याखाली' झालेलं असावं, अशी त्याची भाषा आहे. बरगीची जमीन गेली जुन्या, १८९४ च्या इंग्रजी कायद्याच्या काळात. कोयनेची, पवनेचीही. म्हणजे ज्यांचं सगळ्यात जास्त गेलं, त्यांचं पहिलं उठणं कागदावर धरायचं की नाही, हा वकिलांचा वाद उरतो. 'शक्यतो' या शब्दाबद्दल तर काय बोलावं. आमच्याकडे ऑर्डरमध्ये 'शक्यतो' लिहिलं तर ती ऑर्डरच नसते.

कुणी म्हणेल, तू फौजी, तुझी दर तीन वर्षांनी बदली होते, तुला विस्थापनाचं काय कौतुक? उलट आहे. मी बारा ठिकाणी राहिलोय म्हणून मला हलवण्याची यंत्रणा माहीत आहे. मला तारीख आधी कळते. सामानाचं भाडं मिळतं, मूळ पगाराच्या ८० टक्के ट्रान्सफर ग्रँट मिळते, मुलीचा शाळेचा दाखला आठवड्यात होतो. नव्या जागी क्वार्टर नसेल तर घरभाडं मिळतं. आणि साताऱ्यात माझं घर जिथल्या तिथे उभं असतं. एका माणसाला हलवायची एवढी पद्धतशीर व्यवस्था ज्या सरकारकडे आहे, त्याला १६२ गावं मोजता येत नव्हती, हे मला पटत नाही.

या लोकांनी हातपाय हलवले नाहीत असंही नाही. नव्वदच्या दशकात विस्थापितांच्या सहकारी संस्थांनी जलाशयातल्या मासेमारीचा हक्क भांडून मिळवला आणि काही वर्षं चालवूनही दाखवला. पुढे तो त्यांच्या हातून गेला. पाणी वेळेत उतरवा म्हणजे उघड्या जमिनीत रब्बी पेरता येईल, ही त्यांची मागणी जुनीच आहे. दोन्ही गोष्टींना फार पैसा लागत नाही. बुडालेल्या जमिनीवर आणि त्यावरच्या पाण्यावर पहिला हक्क बुडालेल्यांचा, एवढं लिहून द्यावं लागतं.

मंडला थोडक्यात सांगतो, कारण ऊन फार होतं. संगमावर बंजर नदी नर्मदेला मिळते, सहस्रधारेला काळ्या खडकांतून पाणी फुटून वाहतं. संध्याकाळी पाचनंतरच जा. मराठी माणसाने तिथे एक आठवण ठेवावी: १७४२ मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या फौजेने मंडला घेतलं आणि गोंड राजा महाराजशाह त्यात मारला गेला. आपल्याकडे ही मोहीम म्हणून सांगतात. तिथे अर्थातच वेगळं सांगतात. परिक्रमेला येणारे आपले लोक आजही इथे रोज भेटतात. डूबमुळे जुना काठ गेल्याने त्यांना दूरच्या वळणाने चालावं लागतं. पण ते चार दिवसांचं वळण.

या काठाने जरूर जा, असंच मी सांगेन. जंगल सुंदर आहे, रस्ता चांगला आहे, आणि लोक पाणी मागितलं तर आधी बसायला खाट टाकतात. फक्त एक करा. बरगीला, पायलीला, आपल्याकडे तापोळ्याला आणि पवनेलाही, बोटीचे दर लिहिलेल्या फलकाशेजारी खाली कोणती गावं आहेत त्याची यादी लावा, असा अर्ज पर्यटनवाल्यांकडे द्या. मी दिलाय, साध्या पोस्टाने. उत्तर अजून नाही.

आणि एप्रिलमध्ये जाणार असाल तर दुपारी बारा ते चार गाडी चालवू नका, पाण्याचा वीस लिटरचा कॅन घ्या, पेट्रोल जबलपुरातच भरा, आणि सावली दिसली म्हणून मोहाच्या झाडाखाली गाडी लावू नका. ती जागा कुणीतरी पहाटे झाडून ठेवलेली असते.