पडद्यावरची मोटार आणि रस्त्यावरची मोटार



व्हिडिओ खेळांचे नाव काढले की घरातील वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, मुले मारामाऱ्या शिकतात, हे ऐकून तुमचे कान किटले असतील. मी त्या मंडळींपैकी नाही. अलीकडे धरमपेठेतल्या शेजारच्या मुलांच्या नादाने मी मोटारशर्यतीचे आणि दोघांनी मिळून शत्रूवर गोळ्या झाडण्याचे खेळ खेळू लागलो आहे, आणि ते मला मनापासून आवडतात. (माझे वय विचारू नका!) माझी तक्रार वेगळीच आहे. तुम्ही हे खेळ पुरेशा चौकसपणे खेळत नाही.

जपानच्या कोनामी कंपनीचा १९८४ सालचा 'रोड फायटर' हा खेळ घ्या. १९९० नंतरच्या दशकात टीव्हीला जोडायच्या यंत्राबरोबर त्याची कॅसेट अनेक मराठी घरांत आली होती. तुमच्या आईवडिलांना विचारून पाहा. पेट्रोल संपण्याच्या आत, इतर गाड्यांना चुकवत मुक्काम गाठायचा, एवढाच तो खेळ. आता नीट बघा. आपली मोटार पडद्यावर पुढे जातच नाही. ती डावीउजवीकडे सरकते, आणि रस्ता मात्र वरून खाली धावतो. तरीही आपण अंग चोरून वळण घेतो! वेग मोटारीत नसून तो आपल्या डोळ्यांनी केलेला हिशेब आहे.

पुढच्या खेळांत चालकाला दिसतो तसा रस्ता आला, आणि ही युक्ती अधिक गमतीदार झाली. समोरचे झाड १०० मीटरवरून ५० मीटरवर आले की ते दुप्पट मोठे दिसते. १० मीटरवरून ५ मीटरवर आले तरीही दुप्पटच दिसते, पण त्याला दहावा भाग वेळ लागतो. म्हणून दूरचे झाड सावकाश वाढते आणि जवळ येताच एकदम अंगावर येते. नागपूरहून वर्ध्याला जाताना आगगाडीच्या खिडकीतून बघा. जवळचे खांब सपासप मागे पळतात, पण क्षितिजाजवळची झाडे आपल्याबरोबर चालल्यासारखी वाटतात. खेळ रचणारा हाच हिशेब उलटा मांडतो आणि खुर्चीत बसलेल्या माणसाला ताशी २०० किलोमीटरने पळवतो. मला हे विज्ञानाचे एक सुरेख प्रात्यक्षिक वाटते.

पण या पडद्यावरच्या मोटारीला वजन नसते. भिंतीवर आदळली तर दोन सेकंदांत पुन्हा धावू लागते. खऱ्या गाडीचा वेग दुप्पट झाला की तिची गतिज ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेकना ती सगळी उष्णतेत बदलावी लागते. कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी ब्रेक दाबला, म्हणजे दर सेकंदाला वेग सेकंदाला ५ मीटरने कमी झाला, असे धरू. ताशी ३० किलोमीटरने जाणारी स्कूटर सुमारे ७ मीटरवर थांबेल, पण ताशी ६० ने जाणारीला २८ मीटर लागतील. शिवाय धोका ध्यानात येऊन हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर पहिली आणखी ८ मीटर आणि दुसरी १७ मीटर पुढे गेलेली असेल. म्हणजे एकूण १५ आणि ४५ मीटर!

"आमचे हात खेळून चपळ झाले आहेत," असे तुम्ही म्हणाल. मित्राला पट्टी उभी धरायला सांगा, आणि त्याने ती अचानक सोडली की चिमटीत पकडा. २० सेंटिमीटरवर पकडलीत तर तुम्हाला ०.२ सेकंद लागला. छान! पण पट्टी पडणार हे तुम्हाला ठाऊक होते. खेळातही गाडी आडवी येणार हे ठाऊक असते. वेस्ट हायकोर्ट रोडवर दोन उभ्या गाड्यांमधून एखादे लहान मूल धावत येईल, हे ठाऊक नसते. त्याच रस्त्यावर शाळेच्या गणवेशातली मुले स्कूटर पळवताना मी रोज पाहतो, म्हणून हे लिहितो आहे.

दुसऱ्या प्रकारच्या खेळांचा शिरोमणी म्हणजे कोनामीचाच, १९८७ सालचा 'काँट्रा'. बंदुकांऐवजी दुसरे काही असते तर मला अधिक आवडले असते, पण त्यातला धबधब्याचा टप्पा कोणी रचला असेल त्याला माझा नमस्कार. दोघांनी खडकांवर उड्या मारत वर चढायचे असते. एकाने घाई केली की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला सोबती पडद्याबाहेर जाऊन मरतो. तो शत्रूच्या गोळीने मरत नाही, मित्राच्या घाईने मरतो! पहिल्या दिवशी सगळे भांडतात. तिसऱ्या दिवशी, कोणी न शिकवता, "थांब", "आता ये" असे बोलू लागतात. सरावलेली जोडी कशी खेळते हे तुम्ही कधी बाजूला बसून ऐकले आहे का? ऐकाच.

आपल्या धरमपेठेत मुलांना वाहतुकीचे नियम कळावेत म्हणून उभारलेला ट्रॅफिक पार्क आहे. तिथे एक शर्यतीचे यंत्र ठेवावे, असे माझे मत आहे. त्यातल्या मोटारीला खरे वजन असावे आणि पावसात तिचे ब्रेक लागायला खरोखरीच जास्त अंतर लागावे. बैठका दोन असाव्यात. चाक एकाच्या हातात आणि ब्रेक दुसऱ्याच्या पायाखाली. पहिल्या रांगेत मी उभा राहीन. ब्रेकवर कोण बसणार ते तुम्ही ठरवा.