टोकन देण्याआधी नंबर मागा!

गेल्या रविवारी आम्ही दोघी दिवा-रोहा मेमूने पेणला उतरलो. मी आपली पोह्याचे पापड घ्यायला आणि गणपतीचे कारखाने बघायला. मैत्रीण मात्र थेट जमीनदार व्हायला!

झालं असं, की ऑफिसच्या ग्रुपवर तिला एक जाहिरात आली होती. 'पेण-रोहा पट्ट्यात तुमचं स्वप्नातलं फार्महाऊस, सोपे हप्ते, फ्री साइट व्हिजिट.' तीन वर्षांचा बोनस साठवून बसलेल्या, अंधेरीत वन रूम किचनचं भाडं भरणाऱ्या मुलीला आणखी काय हवं? स्टेशनबाहेर एजंट एसी गाडी आणि थंडगार कोकम सरबत घेऊन हजर. नागोठणं मागे टाकून रोह्याच्या दिशेने गाडी एका कच्च्या रस्त्याला वळली. झकास कमान, रंगीत झेंडे आणि माळावर चुन्याच्या रेघा. झाले प्लॉट!

''मॅडम, अटल सेतू झाला, नवी मुंबईचा विमानतळ झाला. पुढच्या वर्षी हाच रेट डबल. पन्नास हजार टोकन द्या, कोपऱ्याचा प्लॉट होल्ड करतो.''

मैत्रिणीचा हात मोबाइलकडे गेलाच होता. मी सहज विचारलं, ''तुमचा महारेराचा नंबर काय?''

तो गोड हसला. ''अहो, ही शेतजमीन आहे. हिला रेरा लागतच नाही!''

दोस्तांनो, खरी गोम इथेच आहे. रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे, तर प्रकल्पाची नोंदणी लागते. असे प्लॉट विकून देणाऱ्या एजंटलाही नोंदणी लागते. ती नसेल तर रोज दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२४ पासून महाराष्ट्रात एजंटांना परीक्षा पास होऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. म्हणजे गळ्यात आयकार्ड अडकवलं की एजंट झालो, हे दिवस संपले.

बरं, ती खरंच शेतजमीन असेल तर? मग कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. शेतकरी नसलेल्या माणसाला सरकारी परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. माझ्या मैत्रिणीची शेती म्हणजे खिडकीतली तुळस! थोडक्यात काय, प्लॉट असेल तर नंबर दाखव, शेत असेल तर आम्हाला विकतोस कसा? दोन्हीकडून एजंटसाहेब अडकले.

तेव्हा साइट व्हिजिटला निघण्याआधी एवढं कराच. एजंट आणि प्रकल्प, दोघांचे नंबर महारेराच्या वेबसाइटवर टाकून बघा. जाहिरातीत क्यूआर कोड शोधा, ऑगस्ट २०२३ पासून तो सक्तीचा आहे. भूलेखच्या साइटवर सातबारा काढा आणि विकणाऱ्याचं नाव त्यावर आहे का बघा. 'इतर हक्क' या रकान्यात कुणाचा बोजा, कुणा कुळाचं नाव आहे का, तेही वाचा. फेरफार मागा. सुट्टी टाकून एकदा तलाठ्याकडे चक्कर मारा. रविवारी ते ऑफिस बंद असतं आणि साइट व्हिजिट नेमकी रविवारीच असते, हा योगायोग नाही! आणि रोख? अजिबात नाही. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. फसलातच तर महारेराकडे पाच हजार रुपये फी भरून तक्रार करता येते.

मात्र नंबर मिळाला म्हणून डोळे मिटायचे नाहीत. ज्या पेणच्या स्टेशनवर आम्ही उतरलो, त्याच गावाने हा धडा फार महागात शिकलाय. पेण अर्बन सहकारी बँक काही बोगस चिटफंड नव्हती. तिच्याकडे रिझर्व्ह बँकेचा परवाना होता, मोठ्ठा बोर्ड होता, गावाचा विश्वास होता. २०१० मध्ये शेकडो कोटींची बोगस कर्जं उघड झाली आणि बँकेवर निर्बंध आले. २०१४ मध्ये परवानाही गेला. ठेवीदारांनी पैशासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. परवाना नसेल तर तिथूनच मागे फिरा. असेल तर पुढचे प्रश्न विचारायला सुरुवात करा.

''घरच्यांशी बोलून कळवते,'' असं म्हणून मैत्रिणीने मोबाइल पर्समध्ये टाकला. त्यानंतर कोकम सरबत बंद, एसी बंद, गप्पाही बंद. एजंटने आम्हाला रोहा स्टेशनवर अक्षरशः उतरवून टाकलं.

वडापाव खात गाडीची वाट बघताना मैत्रीण थोडी हिरमुसलेलीच होती. तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. एजंटचा मेसेज : 'मॅडम, शेवटचे दोनच प्लॉट शिल्लक.'

तिने उत्तर टाइप केलं, 'नंबर पाठवा.'

आज आठवडा झाला, तो काही आलेला नाही.