अणुवीज आणि आपली रात्रपाळी



लागणीच्या नोंदी घेत भीमाकाठी फिरत असताना एका सभासदांनी बांधावरच विचारले, "साहेब, जैतापूरची अणुवीज आली तर आपल्या मोटारीला दिवसा लाईट मिळंल का?" प्रश्न रास्त आहे. शिरूर-दौंडच्या उसात बिबट्याचा वावर असताना रात्री दारे धरायला जाणे म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगून कळायचे नाही.

अणुवीज आपल्या राज्याला नवी नाही. तारापूरचे केंद्र १९६९ सालचे. तिचा फायदाही मोठा. कोळशाच्या हजार मेगावॅट केंद्राला पूर्ण भाराने चालताना दिवसाला दहा हजार टनांवर कोळसा लागतो, म्हणजे अडीच हजार टनी कारखान्याच्या चार दिवसांच्या गाळपाएवढा! अणुकेंद्राचे वर्षाचे इंधन काही ट्रकांत मावते. धूर नाही, राख नाही.

आता धोका. गुऱ्हाळाची चुलवण जाळ ओढून घेतला तरी बराच वेळ धगधगत राहते. अणुभट्टीचेही तसेच. बंद केली तरी आतली उष्णता राहते आणि पाणी खेळवतच राहावे लागते. जपानात फुकुशिमाला ११ मार्च २०११ रोजी भूकंपानंतर भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. पण समुद्राच्या लाटेने जनरेटर बुडाले, पंप थांबले आणि घात झाला. लाखावर माणसे उठली, दुभती जनावरे गोठ्यात सोडून शेतकरी निघाले. असा अपघात क्वचित होतो हे खरे, पण झाला तर जमीनच हातची जाते. शेतकऱ्याने हे विसरू नये.

जैतापूरला १६५० मेगावॅटचे सहा संच योजले आहेत. माडबन परिसरातल्या लोकांनी विरोध केला, एप्रिल २०११ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एक जण दगावला. वीज सगळ्यांना, धास्ती मात्र त्यांना. उजनीत ज्यांची गावे गेली त्यांना हे वेगळे सांगायला नको. माझे मत असे की, अणुवीज देशाला हवी, पण त्या गावांच्या मनाविरुद्ध नको.

आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर तिथे नाहीच. अणुकेंद्र रात्रंदिवस सारखेच चालते. शेतीला लाईट कधी द्यायची हे फीडरच्या वेळापत्रकावर ठरते. दिवसा हमखास मिळते ती उन्हाची वीज. सौर कृषी वाहिनी योजनेत वीज उपकेंद्राजवळची पडीक जागा लागते. ज्या गावांत अशी जागा आहे आणि अजून हालचाल झालेली नाही, तिथल्या सभासदांनी ग्रामसभेत विषय काढावा. गट ऑफिसला आलात तर अर्जाचे बघू.

— ऊस विकास अधिकारी