कल्याणाचा खर्च कोणी सोसावयाचा?

जून २०२४ मध्ये तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर केली, तेव्हा पैसा कोठून येणार असे विचारणारा प्रत्येक जण बहिणींचा वैरी ठरला. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. निवडणूक झाली, सत्ता हाती आली, आणि ज्यांनी हा प्रश्न दडपला तेच तो विचारू लागले. दरमहा १,५०० चे २,१०० रुपये करण्याचे आश्वासन बासनात गेले. वर्षाला ४६,००० कोटी रुपयांचा खर्च अंदाजलेला असताना २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटींचीच तरतूद झाली. जुलै २०२५ पर्यंत सुमारे २६ लाख लाभार्थींचे पैसे अपात्रतेच्या कारणावरून थांबविण्यात आले. मतदानापूर्वी ज्या अर्जांकडे डोळेझाक झाली, त्यांचीच मतदानानंतर काटेकोर छाननी झाली.

या योजनेला ‘खिरापत’ म्हणणाऱ्यांच्या सुरात आम्ही सूर मिसळणार नाही, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. १,५०० रुपये म्हणजे दिवसाला ५० रुपये. घरचे आणि शेतातले न मोजलेले काम आयुष्यभर करणाऱ्या स्त्रीच्या हाती ते पडले, तर राज्य बुडते असे म्हणणाऱ्यांनी थोडी स्मरणशक्ती जागी ठेवावी. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राने कंपन्यांवरील कराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला. त्यामुळे वर्षाला १ लक्ष ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असा सरकारचाच अंदाज होता. त्या दिवशी शेअर बाजाराने उसळी घेतली. खिरापत हा शब्द कोणाच्या ओठी आला नाही. गरिबाला दिले तर तिजोरीवर भार आणि धनिकाला सोडले तर विकासाला चालना, हे अर्थशास्त्र नव्हे. ही वर्गदृष्टी आहे.

परंतु एवढे बोलून थांबणे ही आत्मवंचना ठरेल. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट सुमारे ४५,८९० कोटी रुपयांची होती, आणि कर्जाचा बोजा ९ लक्ष कोटींच्या पुढे जाणार असे दाखविले होते. राज्याच्या स्थूल उत्पन्नाशी तुलना करता हे कर्ज मर्यादेत आहे, हा सरकारचा दावा खोटा नाही. प्रश्न कर्जाच्या आकारापेक्षा त्याच्या उपयोगाचा आहे. धरण बांधण्यासाठी काढलेले कर्ज उद्या शिवार भिजवते. महसुली तूट म्हणजे मात्र रोजचा खर्च भागविण्यासाठी घेतलेली उसनवारी. कर्ज काढून केलेले कल्याण म्हणजे पुढे ढकललेला करच होय. फक्त तो कोणाकडून घ्यावयाचा हे जनतेला सांगितलेले नसते. आणि जे उघडपणे ठरत नाही, ते दुबळ्यांच्या माथी मारले जाते, असाच आजवरचा अनुभव आहे.

तो अनुभव याही वेळी आला. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या दोन खात्यांचा मिळून सुमारे ७४६ कोटींचा निधी या योजनेकडे वळविण्यात आला, आणि सामाजिक न्यायमंत्र्यांनाच त्याविरुद्ध जाहीर नाराजी व्यक्त करावी लागली. दलित आणि आदिवासी मुलांच्या वसतिगृहांचा व शिष्यवृत्त्यांचा हक्काचा पैसा त्यांच्याच आयांना ओवाळणी म्हणून द्यावयाचा, असा हा न्याय! पुढच्याच महिन्यात मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवून १४,००० कोटी रुपये अधिक मिळविण्याचा निर्णय झाला. म्हणजे बहिणीच्या खात्यात जे जमा व्हावयाचे, ते भाऊजींच्या बाटलीतून वसूल करावयाचे. ज्या गावांतील स्त्रियांनी दारूची दुकाने बंद करण्यासाठी मतदान केले, त्यांच्या मदतीचा आधार दारूच्या खपावर ठेवणे ही क्रूर थट्टा आहे.

याच महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी वेगळा मार्ग दाखविला होता. तासगाव तालुक्यातील विसापूर येथे वि. स. पागे यांनी जो प्रयोग केला, त्यातून रोजगार हमीची कल्पना उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळात तिला बळ मिळाले, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. गावोगावच्या मजुरांचे मोर्चे आणि समाजवादी व साम्यवादी कार्यकर्त्यांचा रेटा त्यामागे होता. पागे यांचे द्रष्टेपण आपण नेहमी आठवतो. पण योजनेच्या अर्थव्यवस्थेकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. मजुराला काम मागण्याचा हक्क देतानाच त्याची मजुरी कोण देणार, हेही तेव्हा सांगण्यात आले. १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविला गेला. त्याच्या जोडीला विक्रीकर आणि मोटार वाहन कर यांवर अधिभार, तसेच बागायती जमिनीवर जादा आकारणी आली. या साऱ्याची जेवढी जमा, तेवढीच रक्कम शासनाने आपल्या तिजोरीतून घालावी, अशी तजवीज झाली. मुंबईच्या कचेरीतील पगारदाराने मराठवाड्यातील पाझर तलावाची मजुरी द्यावी, हा त्या व्यवस्थेचा अर्थ होता. योजनेत भ्रष्टाचार झाला, हजेरीपटावर खोटी नावे चढली; तरीही ती दशकानुदशके टिकली, कारण तिला कायद्याचा कणा आणि स्वतःचा झरा होता.

त्या झऱ्याचे पुढे काय झाले? व्यवसाय कराची कमाल मर्यादा राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदात आहे. १९८८ मध्ये ती वर्षाला २५० रुपयांवरून २,५०० झाली, आणि तेथेच गोठली. महाराष्ट्रात महिना १०,००० रुपयांहून थोडे अधिक मिळविणारा कामगार आज २,५०० रुपये भरतो, आणि वर्षाला कोटी रुपये वेतन घेणारा कंपनीचा व्यवस्थापकही २,५०० रुपयेच भरतो. पहिल्याच्या शंभर रुपयांतून दोन रुपये जातात. दुसऱ्याच्या दहा हजारांतून अडीच. चौदाव्या वित्त आयोगाने ही मर्यादा १२,००० रुपयांपर्यंत न्यावी अशी शिफारस केली होती. ती धूळ खात पडली.

केंद्राकडून तर उलट दिशेनेच वाटचाल झाली. मृत्युकर १९८५ मध्ये गेला. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला आणि त्याऐवजी अतिश्रीमंतांच्या प्राप्तिकरावर अधिभार वाढविण्यात आला. संपत्ती कराच्या उत्पन्नात राज्यांना वाटा होता. अधिभारात तो नसतो. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात कामाचे दिवस १०० चे १२५ केले, पण बहुतेक राज्यांवर ४० टक्के खर्चाचा भार टाकला. पूर्वी अकुशल कामाची मजुरी पूर्णपणे केंद्र देत असे. औदार्याचे श्रेय दिल्लीला आणि बिल राज्याला, अशी ही वाटणी आहे. ज्या राज्याला बहिणींचे हप्ते वेळेवर देता येत नाहीत, ते हा ४० टक्क्यांचा वाटा कोठून उभा करणार?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. स्त्रियांना द्यावयाचे साहाय्य कायद्याने हक्क म्हणून द्यावे. ते निवडणुकीच्या पंचांगावर आणि मंत्र्याच्या मर्जीवर अवलंबून असता कामा नये. प्रत्येक नव्या योजनेसोबत तिच्या महसुलाचे साधन विधिमंडळापुढे मांडणे बंधनकारक करावे. व्यवसाय कराची घटनात्मक मर्यादा उठवून तो मिळकतीप्रमाणे चढता करावा. संपत्ती आणि वारसा यांवरील कर पुन्हा आणावेत व त्यांत राज्यांचा वाटा ठेवावा. अनुसूचित जाती-जमातींच्या निधीला हात लावण्यास कायद्याने बंदी करावी.

शेवटी दोन शब्द आपल्याच साथींना. चढत्या कराची मागणी सभेत टाळ्या मिळविते, कारण ऐकणाऱ्याला तो कर दुसऱ्यावर बसणार असे वाटते. पण महिना लाख-दीड लाख वेतन घेणारे बँक कर्मचारी, प्राध्यापक आणि सरकारी अधिकारी यांच्या संघटनांत आपलेच कार्यकर्ते आहेत. चढता व्यवसाय कर त्यांनाही अधिक द्यावा लागेल. ही गोष्ट त्यांच्या सभेत जाऊन सांगण्याची तयारी नसेल, तर थैलीशहांकडे बोट दाखविण्याचा नैतिक अधिकार आपल्याला उरणार नाही. १९७५ च्या पगारदाराने तो भार उचलला, कारण आपला रुपया दुष्काळी माणसाच्या चुलीपर्यंत पोहोचतो हे त्याला सांगितले गेले होते. ते सांगण्याचे काम पुन्हा आपणच केले पाहिजे.