निसर्गवाचन : ठिपके मोजा, मग नाव सांगा

आपल्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी दोन आहेत. महामार्गावरची ती सडक अर्जुनी, आणि दुसरी अर्जुनी मोरगाव. बाहेरचा पाहुणा नुसते 'अर्जुनी' एवढेच विचारत निघाला तर भलत्याच गावी उतरायचा. 'सडक' ही एक खूण त्याला नीट पोहोचवते. फुलपाखरांचेही तसेच आहे. दोन अगदी सारखी दिसतात. पण खूण ठाऊक असली की वेगळी ओळखता येतात.

पावसाळा सरत आला की धानाच्या धुऱ्यावर, बोडीच्या काठी, रस्त्याकडेच्या रुईवर एक तांबूस-नारिंगी फुलपाखरू संथपणे फिरताना दिसते. पुढच्या पंखांची टोके काळी आणि त्यावर पांढरा पट्टा. हे प्लेन टायगर. त्याची अळी रुईची पाने खाऊन वाढते. रुईतले विष तिच्या अंगात साठते आणि पुढे फुलपाखरातही उतरते. पक्ष्याने एकदा ते खाल्ले की त्याला ओकारी येते. पुन्हा तो या रंगाच्या वाटेला जात नाही. म्हणूनच हे फुलपाखरू इतके बिनधास्त उडते.

आता याच रंगाचे दुसरे पाहा. डॅनाइड एगफ्लाय या जातीची मादी हुबेहूब अशीच दिसते. पण तिच्या अंगात ते विष नाही. तिची अळी वाढते ती आपण भाजी करून खातो त्या घोळीवर. विषारी फुलपाखराचा वेष घेतल्यामुळे पक्षी तिलाही टाळतात. गंमत म्हणजे तिचा नर मुळीच तसा नसतो. तो काळा असतो आणि त्याच्या पंखांवर निळसर-जांभळी झाक असलेले मोठे पांढरे ठिपके असतात.

मग ओळखायचे कसे? मागचा पंख पाहा. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी काळे ठिपके असतात. मादीला तीन, नराला चार. एगफ्लायच्या मादीला मध्यभागी ठिपके नसतात, वरच्या कडेजवळ एकच काळा डाग असतो. उडणेही पाहा. प्लेन टायगर सहसा घाई करीत नाही. एगफ्लायची मादी दचकली की वेगाने पळते. आणि पंखांच्या सगळ्या शिरांवर जाड काळ्या रेघा दिसल्या, तर ते तिसरेच, स्ट्राइप्ड टायगर.

अशीच फसगत अंगणातल्या लिंबाजवळ होते. कॉमन मॉर्मनची अळी लिंबावर, बेलावर, गोडनिंबावर वाढते. तिच्या माद्यांचा एक प्रकार कॉमन रोझ या विषारी फुलपाखरासारखा दिसतो. दोघांचेही पंख काळे, मागच्या पंखावर पांढरे आणि लाल डाग. अशा वेळी पंख सोडा, अंग पाहा. रोझचे अंग लाल असते, मॉर्मनचे काळे. एकाच जातीच्या माद्या वेगवेगळे रूप कसे घेतात, याचे उत्तर कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दिले. नर-मादीची घडण ठरविणारे 'डबलसेक्स' हे जनुकच इथे पंखांचे रूपही ठरविते.

हे वेषांतर प्रथम नीट समजावून सांगितले ते हेन्री बेट्स यांनी. इंग्लंडमधील लेस्टरचा हा मुलगा तेराव्या वर्षी मोजे-बनियनच्या कारखानदाराकडे उमेदवारीला लागला. दिवसभर काम आणि संध्याकाळी अभ्यास. 1848 मध्ये ते अॅमेझॉनच्या जंगलात गेले, 11 वर्षे तिथे राहिले आणि 1862 मध्ये आपला शोध त्यांनी प्रसिद्ध केला. कामगाराच्या हातात पदवी नव्हती. नजर होती आणि रोजची वही होती.

पालकांनो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. शाळेच्या संग्रहासाठी मुले फुलपाखरे पकडून टाचणीला टोचतात. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली. त्याआधी डॅनाइड एगफ्लायचे नाव पहिल्या अनुसूचीत होते; म्हणजे वाघाच्याच पंक्तीत. साधे रुईवरचे पाखरू समजून पोराने नेमके तेच पकडले तर? तेव्हा पकडणे नको, पाहणे पुरे. संग्रह चित्रांचा करावा; गुरुजींनाही तसे सांगावे.

मुलांनो, या रविवारी वही-पेन्सिल घेऊन निघा. तारीख, जागा, झाड आणि मागच्या पंखावरचे ठिपके एवढे लिहा. फुलपाखरू पंख मिटून बसले असेल तर उघडेपर्यंत थांबा. रुईची पाने मात्र तोडू नका. तिचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. ठिपके मोजता आले नाहीत, तर नावापुढे प्रश्नचिन्ह करा. ते पुसायला पुढचा रविवार आहेच.