मका पेरावयाचा तर साऱ्या शिवारानें

मृगाचा पाऊस तोंडावर आला कीं सिल्लोड-कन्नडपासून येवल्यापर्यंत आमचा शेतकरी मक्याच्या बियाण्यासाठीं दुकानापुढें उभा राहतो. पिशवीवरील कणसाचें चित्र पाहून पैसे मोजतो, पावती मात्र मागत नाहीं. आमचें पहिलें सांगणें हें, कीं पक्की पावती घ्या, पिशवी व तिची चिठ्ठी जपून ठेवा, आणि पेरणीपूर्वीं त्यांतले शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून पहा. संकरित मक्याची उगवण शेंकडा 90 हून कमी नसावी, असा सरकारी दंडक आहे. दाणे घरांत कुजले तर दुकानदाराशीं भांडतां येतें; रानांत कुजले म्हणजे तो पावसाकडे बोट दाखवितो.

पंचांगांत मृग लागला म्हणून तिफण जुंपूं नये. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेली व वाफसा आला, म्हणजे दाणा दीड-दोन इंच खोल टाकावा. पाणथळ रान मक्याला नकोच. कोवळ्या रोपाच्या मुळाशीं पाणी साचलें कीं तें पिवळें पडतें, मग वरून कितीहि युरिया फेंका.

पण खरा वैरी निराळाच. अमेरिकेंतली लष्करी अळी 2018 सालीं प्रथम कर्नाटकांत दिसली आणि त्याच सालीं महाराष्ट्रांत शिरली. शेंपटाजवळ चौकोनांत चार काळे ठिपके ही तिची खूण. मादी पानावर शंभर-दोनशें अंडीं एका पुंजक्यांत घालते, आणि अळी एकदां पोंग्यांत दडली कीं फवारा तिला गांठीत नाहीं. उन्हाळ्यांत खोल नांगरट केली तर तिचे कोष उघडे पडून उन्हानें व पांखरांनीं मरतात. पेरणीबरोबर एकरीं पांच कामगंध सापळे लावावे, महिनाभर ओळींतून फिरून अंडपुंज चिरडावे, आणि आरंभींच 5 टक्के निंबोळी अर्क पोंग्यांत पडेल असा फवारावा.

तथापि एकट्याच्या या मेहनतीवर शेजारचा उशिरा पेरलेला कोवळा तुकडा पाणी फिरवितो. पतंग तेथें वाढतात व साऱ्या शिवारांत पसरतात. म्हणून शास्त्रज्ञ म्हणतात, मका सर्वांनीं एकाच सुमारास पेरा. कबूल! पण ज्याची तिफण उसनी, ट्रॅक्टराची पाळी सर्वांच्या शेवटीं, आणि सोसायटीचें कर्ज पेरा उरकल्यावर हातीं, त्या गरिबानें आठवड्याच्या आंत पेरावें तरी कसें? त्याचें पीक आधीं खाल्लें जातें, आणि वर गांव त्यालाच आळशी म्हणतें.

सोसायटीच्या पंचांनीं कर्ज मे महिन्यांतच हातीं द्यावें. ट्रॅक्टरवाल्यांनीं आपलें रान आटोपतांच शेजाऱ्याचे दोन एकर, भाडें उधार ठेवून, त्याच आठवड्यांत पेरून द्यावे. यांत उपकार कसला? पतंगाला बांध कळत नाहीं. तो उद्यां त्यांच्याच मक्यावर उतरणार आहे. मे अखेर गांवानें बसून कोणाची पाळी कोणत्या दिवशीं, हें कागदावर लिहावें व चावडीवर डकवावें. आणि त्या कागदांत पहिलें नांव दोन एकरवाल्याचें असावें.