गाडी खालून पाहा, मग घ्या



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की आमच्या गट ऑफिसात बेण्यापेक्षा गाड्यांचीच चौकशी जास्त होते. "साहेब, दिल्लीची डिझेल गाडी आलीया, स्वस्तात मिळतीया. घेऊ का?"

ही स्वस्ताई का, ते आधी समजून घ्यावे. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली बंदी केली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाचाही तसाच आदेश झाला. पुढे त्यात फेरबदल झाले, पण तिकडच्या गाड्या परराज्यांत विकायला येऊ लागल्या त्या तेव्हापासून. कारण रास्त आहे, म्हणून प्रत्येक गाडी चोख असते असे मात्र नव्हे.

गेल्या हंगामात आम्हीही अशीच एक गाडी ठरवली होती. रंग आरशासारखा, सीटा नव्या. घरच्यांच्याही मनात भरली. विसार देऊन बसलो आणि मग ती ओळखीच्या मिस्त्रीकडे पिटवर चढवली. खाली एका बाजूचा तळ आत दबलेला, वरून ताजा काळा रंग. मिस्त्रीने हातोडीने टोकले तशी खपली पडली. आत गंज आणि वेल्डिंगचा जोड. एजंट म्हणाला, "दगड लागला असंल, तेवढं चालतंय." आम्ही विसार सोडला आणि एस.टी.ने घरी आलो. पैसे गेल्याचे दुःख झाले, खोटे कशाला बोला?

सगळीच मोडतोड सारखी नसते. सायलेन्सर, खालचे पत्रे, लोअर आर्म हे बोल्टने बसवलेले भाग बदलता येतात. त्याचा खर्च काढावा, किमतीतून वजा करावा आणि खुशाल घ्यावी. पण बहुतेक मोटारींना ट्रकसारखी वेगळी चॅसी नसते. तळ आणि बॉडी मिळून एकच सांगाडा असतो. तो वाकला किंवा कुजला, तर चाके सरळ बसत नाहीत, टायर एका अंगाने झिजतात आणि धडक बसल्यावर आतल्या माणसांना तो वाचवील याचा भरवसा राहत नाही. अशी गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये, हे आमचे स्पष्ट मत.

कागदांचेही तेच. मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, बँकेचा बोजा उतरल्याचा दाखला आणि विम्याचे जुने क्लेम पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका. इथला रोड टॅक्स आणि नव्या नोंदणीचा खर्चही किमतीत धरा.

हुमणी लागलेला ऊस सुरुवातीला वरून हिरवाच दिसतो. म्हणून तर आम्ही बांधावरून अंदाज न सांगता मुळ्या उकरून बघतो. तुम्हीही तसेच करा. आधी पिट, मग विसार. अठरा महिने राबून आलेला पैसा आहे, आणि त्या गाडीत आपलीच लेकरे बसणार आहेत.

— ऊस विकास अधिकारी